सगळ्यांना ओवाळणाऱ्या मावशी

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. मावशींचा विषय निघाला, की मी त्यांच्या कडक भाकरीबद्दल बोलायचो. भाकरीबद्दल बोलणं सोपं असतं.

निवडणूक आली, की शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात आधी ढोल ऐकू यायचा आणि मग मावशी ओट्यावर आलेल्या दिसायच्या. डोक्यावर पदर, हातात ओवाळणीचं तबक. उमेदवार दाराशी आला, की त्याला कुंकू लावायचं, ओवाळायचं आणि हळूच म्हणायचं, "यंदा तुमीच की!" तो सुखावून पुढे जायचा. तासाभरात त्याचा प्रतिस्पर्धी यायचा. तेच तबक, तेच निरांजन, वातसुद्धा तीच.

"यंदा तुमीच की!"

मी एकदा विचारलं, "मावशी, पण मत नक्की कुणाला?"

"ते मला ठावं न् त्या मशिनीला. ती बी बोलत न्हाय, मी बी न्हाय."

मी आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. गुप्त मतदानाचा धडा मला तोंडपाठ होता, पण त्यात ओवाळणीचा उल्लेख नव्हता.

मावशींच्या शेजारच्या घरात अक्का राहायच्या. तेलुगू बोलणाऱ्या, माहेरी आणि सासरी दोन्हीकडे कापडाचे माग असलेल्या. मावशी भाकऱ्या करायच्या, अक्का शेंगाची चटणी. दोघींचं विक्रीचं टेबल एकच, आणि भांडणही रोज एकच.

"अगं, किती तिखट टाकलीस? गिऱ्हाईक मारतीस का काय?"

"तुझी भाकरी खाऊन दात पडतंय त्याचं. तिखटाचं काय सांगतीस?"

गिऱ्हाईक हसत दोन्ही घेऊन जायचं. दुपारी टेबल आवरलं, की दोघी एकाच ताटात जेवायच्या.

मग आमच्या बोळात प्रगती आली. ती भाऊंनी आणली. भाऊ म्हणजे आमचे भावी नगरसेवक. दोनदा पडल्यामुळे त्यांच्या नावामागचं 'भावी' चांगलंच पक्कं झालं होतं. माताभगिनींच्या सुरक्षेसाठी त्यांनी विजेच्या खांबावर कॅमेरा बसवला. कॅमेरा मुठीएवढा आणि त्याखालचा भाऊंचा फोटो दाराएवढा. गाड्यांमधलं पेट्रोल चोरीला जायचं ते बोळाच्या मागच्या टोकाला. कॅमेऱ्याचं तोंड मात्र पुढच्या ओट्यांकडे होतं. कुठला पक्ष कुणाच्या दारात किती वेळ रेंगाळतो, यात माताभगिनींची सुरक्षा दडलेली असावी.

बोळाला वाटायचं, कॅमेरा नुसता फोटोपुरता लावलाय; पण त्याचं चित्र दोन मोबाइलवर दिसायचं. एक भाऊंचा. दुसरा माझा, कारण गल्लीच्या समितीचा अध्यक्ष मी होतो. "गुरुजी, तुमच्यासारखा निःपक्षपाती माणूस पायजे," असं भाऊ म्हणाले आणि मी विरघळलो. सुनेला रोज मोबाइल बघण्यावरून टोकणारा मी, सकाळी दात घासायच्या आधी बोळ उघडून बसू लागलो. कुणाकडे पाहुणे आले, कुणी भाजीवाल्याशी किती घासाघीस केली, कुणाचा दूधवाला बदलला, सगळं मला कळायचं. त्या कॅमेऱ्याला आवाजही ऐकू यायचा. दुसऱ्याच्या दारात डोकावणं वाईट, हे मी मुलांना शिकवलं होतं. हे डोकावणं नव्हतं. ही जबाबदारी होती.

त्या निवडणुकीत एकाच दिवशी भाऊ धरून तीन उमेदवार आमच्या बोळातून गेले. मावशींनी तिघांनाही ओवाळलं. तिघांनाही "यंदा तुमीच की." मी घरात एकटाच हसत सुटलो. मग मोबाइलवर चित्रणाचे तुकडे कसे जोडायचे ते शिकलो. शिकायला वय नसतं, हे वाक्य मी निरोप समारंभात म्हटलं होतं, ते असं खरं झालं. जोडलेली गंमत मी भाऊंना पाठवली. फक्त भाऊंना. निःपक्षपाती माणसानं आणखी कुणाला पाठवावी?

भाऊंनी त्यातली स्वतःची ओवाळणी कापली आणि उरलेल्या दोन गावभर केल्या. कुणीतरी मागे ढोलकी लावली. 'दुतोंडी मावशी' असं नाव दिलं. जेवणं व्हायच्या आत ती चित्रफीत माझ्याकडे तीन ठिकाणांहून परत आली.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजला. मावशी नेहमीसारख्या तबक घेऊन उभ्या. उमेदवार समोरून गेला, मान वळवून. मागचा एक कार्यकर्ता ओरडला, "मावशी, आज कुणाचा नंबर?" सगळा बोळ हसला. मावशींनी पदरानं निरांजन झाकलं आणि आत गेल्या.

संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. उंबऱ्यावरच बसल्या.

"गुरुजी, तुमी शिकल्यालं मानूस. हे कुनी केलं, हुडकून द्या की. भांडनार न्हाय मी. पर कळाय तरी पायजे."

माझ्या हातात मोबाइल होता. त्यात त्यांचाच ओटा दिसत होता. मी तो मांडीवर पालथा घातला आणि म्हणालो, "मावशी, तंत्रज्ञानाचं असंच असतं. कुठून काय जाईल सांगता येत नाही. हल्ली घरोघरी मोबाइल आहेत. शेजारीपाजारीसुद्धा."

मी कुणाचंही नाव घेतलं नाही. त्या वेळी मला त्याचा अभिमानही वाटला होता. अक्कांच्या लेकीनं त्यांना नवा मोबाइल पाठवला होता, तोंड दिसावं म्हणून. अक्का तो ओट्यावर बसून हातभर लांब धरून बोलायच्या, हे पेठेत सगळ्यांना माहीत होतं. मला तर सगळ्यांत जास्त.

मावशींनी अक्कांच्या ओट्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "व्हय. मोबाइल धरूनच बसलेली असती ती."

मी "नाही" म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवसापासून टेबलं दोन झाली. भाकरी एका ओट्यावर, चटणी दुसऱ्या. अक्का हाका मारायच्या, "ए, काय झालंय तुला?" मावशी पीठ मळत राहायच्या. दुपारी दोघी आपापल्या घरात जेवायच्या. मला सगळं दिसत होतं. चित्र फार स्वच्छ होतं.

भाऊ तिसऱ्यांदा पडले. कॅमेरा बंद झाला, फोटो राहिला. मावशी लेकीकडे मोडनिंबला राहायला गेल्या. जाताना अक्कांच्या दाराकडे त्यांनी बघितलं नाही.

मी एकदा गेलो मोडनिंबला. एसटीनं, मुद्दाम. मावशींनी चहा केला, माझे गुडघे विचारले, बोळातल्या एकेका घराची चौकशी केली. एक घर सोडून. मी उठणार, तेव्हा म्हणाल्या, "अक्का बरी हाय का?"

"बरी आहे."

"येकदा तोंडानं म्हनायचं हुतं तिनं, व्हय बाई, चुकलं. मी परत आले असते, गुरुजी. मानूस चुकतंय की. पर बोलाय नको?"

मी म्हणालो, "एसटीची वेळ झाली."

मावशी गेल्याची बातमी गल्लीच्या ग्रुपवर आली. हात जोडल्याचं चित्र सगळ्यांत आधी मी टाकलं. दुपारी अक्का दारात उभ्या.

"गुरुजी, तुम्ही गेलता की तिच्याकडं. काय बोलली ती? मी काय केली होती हो? आता तर सांगा."

"तुमची आठवण काढत होत्या," मी म्हणालो. वाक्य खरं होतं. अक्का तिथंच खाली बसून रडल्या, आणि मी त्यांना पाणी आणून दिलं.

मोडनिंबला जाताना एसटीत मी काहीतरी घोकत होतो. शेजारच्या प्रवाशाला वाटलं, म्हातारा जप करतोय. ते असं होतं: "मावशी, ते मी पाठवलं होतं. अक्कांनी काही केलेलं नाही. मला माफ करा, आणि माझ्याबरोबर परत चला."