देवराईच्या हद्दीवरच्या बेड्या

वाचकहो, सावरून बसा. माझ्या सबंध नोकरीतला सर्वांत गंभीर गुन्हा आज मी जाहीर करणार आहे. त्याची स्टेशन डायरीत नोंद नाही, तपास झाला नाही आणि आरोपी मी स्वतः आहे.

ती दुपार आठवली की अजूनही माझा हात नकळत कमरेच्या पट्ट्याकडे जातो.

२००४ च्या आसपास मी मुळशी तालुक्यात फौजदार होतो. एका सकाळी जमिनीचा एक दलाल ठाण्यात आला. माले गावाच्या पुढच्या देवराईत ऐनाची पाच झाडं तोडली गेली होती. शेजारच्या वाडीतल्या एका कातकऱ्याला खांद्यावर कुऱ्हाड घेऊन तिथून बाहेर पडताना आपण पाहिलं, असं तो सांगत होता.

"रस्त्यावरून पाहिलं, साहेब. आत मी आजवर पाऊल टाकलेलं नाही." जबाबात हेच वाक्य लिहून घेतलं, खाली सही.

तालुक्यात काही चोरीला गेलं की आधी कातकऱ्यांच्या झोपड्या धुंडाळायच्या, ही आमची जुनी खोड. तासाभरात संशयित हजर. बाक रिकामा असूनही तो फरशीवर बसला.

"झाडं कुणी तोडली?"

"ठावं न्हाई."

"देवराईत जातोस का?"

"सनाला जातो. पाया पडाया."

"कुऱ्हाड घेऊन?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कुऱ्हाड? देवीच्या रानात?"

"बघा, कसा साळसूद बनतोय!" हवालदार म्हणाले. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घटनास्थळाचा पंचनामा होता. कोर्टाच्या परवानगीशिवाय बेड्या घालायच्या नसतात, हे मला ठाऊक होतं. तरी घातल्या. दोन पंच, हवालदार, दलाल आणि मागून वाडीतली माणसं, अशी आमची मिरवणूक निघाली. संशयिताची म्हातारी आई रडत रडत चालत होती. हा तुरुंगात गेला तर तिला आणि त्याच्या दोन पोरींना सांभाळणारं कुणी नव्हतं.

देवराईच्या कडेला शेंदूर फासलेला दगड आहे. तिथे येऊन गडी थांबला तो थांबलाच. हवालदारांनी ढकललं, तरी हलेना.

"आता का घाबरतोस?" मी ओरडलो.

त्यानं दोन्ही हात पुढे केले. "सायेब, ह्या लोखंडाच्या हायेत. लोखंड घिऊन आत जाता येत न्हाई. मारा, पन आत न्हेऊ नगा."

बेड्यांना नाही म्हणणारे आरोपी मी खूप पाहिले होते. पण हा स्वतःसाठी नाही म्हणत नव्हता. ज्याला बेडीचं लोखंड आत न्यायची भीती, तो तिथे कुऱ्हाड नेईल?

"कसली नाटकं ही!" दलाल वैतागला. "चला, मी दाखवतो जागा." आणि बुटांसकट तो आत घुसला. वाट धड दिसत नव्हती. दलाल मात्र करवंदीच्या जाळीला वळसा घालून, ओढा ओलांडून थेट त्या पाच बुंध्यांपाशी जाऊन उभा राहिला. मी त्याच्या मागोमाग.

बुंधे जमिनीसरसे, ताटासारखे सपाट. भोवती भुसा. मी परत कडेला आलो आणि बेडीतल्या माणसाला विचारलं, "तू लाकूड कसं तोडतोस रे?"

"कोयत्यानं, तिरकं. गुडघाभर बुंधा ठिवायचा, मंग पानी साचत न्हाई, फुटवा येतो. बुडातनं कापलं तर पोरींनी फुडं काय तोडायचं?"

मी दलालाकडे वळलो. "आत कधी पाऊल टाकलं नाही म्हणालात. मग वाट कुणी दाखवली?"

 संध्याकाळपर्यंत दलालाच्या शेडमधून यांत्रिक करवत जप्त झाली. देवराईतून त्याला आपल्या प्लॉटांकडे रस्ता काढायचा होता आणि वाडीही हलवायची होती. पुढचं काम वनखात्यानं पाहिलं.

माझ्या नावावर निरपराध माणूस आत गेला नाही, या सुटकेनं त्या रात्री मी गाढ झोपलो. तेव्हापासून ठाण्यात कुणी 'त्या लोकांवर' बोट ठेवलं, की मी आधी बोट ठेवणाऱ्याचे बूट पाहायचो. जंगल राखायचं कसं, याचे कागद आमच्या दप्तरात ढीगभर होते. जंगल राखणारा मात्र आम्ही बेड्या घालून उभा केला होता.

बेड्या मी त्या दुपारी तिथेच, त्या दगडापाशी काढल्या. गडी मनगटं चोळत हसला. हवालदारांनाही हसू फुटलं. सगळे सुटल्यासारखे झाले. तेवढ्यात म्हातारीनं डोळे पुसले, माझ्या पट्ट्याच्या बक्कलाकडे, मग बुटांच्या खिळ्यांकडे पाहिलं आणि साऱ्या वाडीदेखत ओरडली,

"माजा ल्योक सुटला, ब्येस झालं! पन ह्यो सायेब एवढं लोखंड घिऊन आत हिंडून आला, आता ह्याला कोन धरनार?"