नलूचं खातं अजून चालू आहे

नलूच्या नवऱ्याचा, भाऊजींचा, फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती. माझ्या एका हातात गिऱ्हाइकाची चिठ्ठी होती आणि दुसऱ्या हातानं मी कपाटातून बाटली काढत होते. "शोभाताई, नलू गेली," एवढंच ते बोलले. मी बाटली दिली, पुढच्या माणसाला गोळ्या जेवणाआधी की नंतर ते सांगितलं, आणि मग शटर अर्धं ओढून आत बसले... माझा स्वभाव असा, की काहीही झालं तरी पुढचं काम काय हे मला आधी दिसतं. त्या दिवशी दिसेना. तिला वाचवण्यासाठी जे जे करायचं ठरलं होतं ते सगळं आम्ही केलं होतं. एकही गोष्ट राहिली नव्हती. राहिली असती तर निदान स्वतःला दोष देता आला असता.

नलिनी मूळची अड्याळची. लग्न होऊन जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आली आणि भंडाऱ्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवू लागली. क्लास सुटला की घरी जाण्याआधी माझ्या औषधाच्या दुकानात येऊन बसायची. तिला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार, होता, तिच्या धाकट्या भावालाही होता. भाऊ वेळेवर रक्त न मिळाल्यानं गेला. द्यायला माणसं तयार होती, पण कोणत्या रक्तगटाचा माणूस कोणत्या गावात आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तिनं रक्तदात्यांची वेबसाइट काढली. गाव निवडा, गट निवडा, फोन नंबर समोर. त्यात गोंदियाकडचीही नावं ती घ्यायला लागली तेव्हा मी म्हटलं, "तिकडचा जिल्हा वेगळा झाला ना, त्यायचं त्यायले करू दे." ती म्हणाली, "जिल्हा वेगळा झाला वं, सिकल वेगळी झाली काय?"

साइट कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या भाड्याच्या सर्व्हरवर होती आणि तो सांभाळायला ती एकटी. "मी आडवी झाली तं कोण पाहीन हे?" असं म्हणत तिनं मला शिकवायला घेतलं. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी रेघ, ना चित्र ना बटण. पहिला हुकूम पीडब्ल्यूडी. "हे तं बांधकाम खातं," मी म्हटलं. ती इतकी हसली की गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. "अवं नाही माय, आपण कोन्या खोलीत उभे आहो ते विचारायचं. अंधारात पाय टाकायच्या आधी." मग एलएस, म्हणजे या खोलीत काय काय ठेवलंय ते. सीडी, म्हणजे दुसऱ्या खोलीत जायचं. डीएफ, म्हणजे जागा किती उरली. आरएम म्हणजे पुसून टाकायचं, आणि ते शिकवताना तिचा आवाज बदलायचा. "हा तुले 'नक्की काय' म्हणून विचारत नाही. याच्यात कचऱ्याची पेटी नाही. गेलं तं गेलं." म्हणून तिचा नियम होता, की एंटर दाबण्याआधी पूर्ण ओळ मोठ्यानं वाचायची, मधल्या मोकळ्या जागांसकट. दुकानात बसून मी "आरएम, जागा, लॉग, तिरपी रेघ..." असं वाचायची आणि माणसं समजायची की शोभाताई मंत्र म्हणून राहिली.

आमच्याकडच्या रक्तदात्यांची एक पद्धत आहे. रक्त देताना पलंगावर पडल्या पडल्या अंगठा वर करून फोटो काढायचा आणि साइटवर चढवायचा. कुणी गॉगल लावून, कुणी अख्ख्या मित्रमंडळासह. फोटो मोठाले. मी तिला सांगत असे, की छोटे करून घे नाहीतर नको म्हण. ती ऐकायची नाही. "फोटो नाही दिसला तं पुढल्या खेपेले येत नाही ते. गावात दाखवाले लागते त्यायले." तिला स्वतःलाही ते फोटो बघायला आवडायचे. दुखणं वाढलं की ती गोळी घ्यायची आणि फोटो बघत बसायची.

मग ती नागपूरच्या दवाखान्यात भरती झाली. रक्त तातडीनं हवं होतं आणि तिचा गट सहजी न मिळणारा. मी साइट उघडली तर साइट बंद. नुसतं पांढरं पान. तिला फोन लावला. आवाज इतका खोल गेलेला की शब्द ओळखावे लागत होते. "आत जा," ती म्हणाली. "डीएफ कर." केलं. जागा शून्य. त्या फोटोंनी सर्व्हर काठोकाठ भरला होता. नवी एक ओळ लिहायलाही जागा नव्हती, म्हणून सगळं थांबलं होतं. आधी तिनं जुने लॉग, म्हणजे सर्व्हर स्वतःच लिहून ठेवतो त्या रोजच्या नोंदी, पुसायला लावले. साइट उठली नाही.

"फोटोच्या खोलीत जा. पहिल्या वर्षाची फाइल आहे ना?"

"आहे."

"उडव."

"नलू, ते तर..."

"कायले रडून राहिली वं? वाच ओळ."

मी वाचली. एका ठिकाणी दोन शब्दांत मोकळी जागा चुकून पडली होती. तशीच दाबली असती तर सगळे फोटोच नाही, नावं आणि नंबरही गेले असते. "थांब," ती म्हणाली, तेवढ्या आवाजातही स्पष्ट. "माह्या जिवावर उठली काय? ती जागा काढ. आता वाच." मी पुन्हा वाचली. "हो. दाब." दाबलं. साइट उठली. तिच्या गटाचं एक नाव सापडलं, आंधळगावचा पोरगा, नागपुरातच नोकरीला. तो हातातलं काम टाकून दवाखान्यात गेला. रक्त चढलं. आणि तरीही त्याच आठवड्यात ती गेली. डॉक्टर म्हणाले, रक्ताचा प्रश्न आता राहिलाच नव्हता.

हे मी कुणाला सांगू? साइट चांगली चालते आहे. रोज कुणीतरी त्यावरून माणूस शोधतं. मला येतात ते हुकूम मोजके, आणि जे येत नाहीत ते किती आहेत हेही मला माहीत नाही. विचारायला कुणी नाही. एखाद्या दिवशी असं काही बिघडेल ज्याचं नावही मला ठाऊक नसेल, आणि त्याच दिवशी कुणाचं तरी लेकरू कुठल्या तरी पलंगावर असेल. सकाळी शटर उघडण्याआधी मी साइट उघडते. पान दिसल्यावरच कुलपाला किल्ली लावते.

गेल्या आठवड्यात मी सर्व्हर आवरायला घेतला. निघून गेलेल्या माणसाचं खातं चालू ठेवू नये, परक्याला आत शिरायला तेवढी वाट मिळते, हे मी वाचलं होतं. म्हणून नलूचं खातं बंद करायला गेले तर दिसलं, की एक काम त्या खात्यातून रोज सकाळी आपोआप होतं. रक्त देऊन पुरेसे महिने झालेल्या प्रत्येक दात्याला संदेश जातो, की आता तुम्हाला पुन्हा देता येईल. खाली सही तिची. हे मला तिनं कधी सांगितलंच नव्हतं. मी ते काम माझ्या खात्यात घेतलं. दुसऱ्या सकाळी एकही संदेश गेला नाही. काय चुकलं ते शोधलं, कळलं नाही. पुन्हा तिच्या खात्यात ठेवलं, तर संदेश गेले.

आंधळगावच्या त्या पोरानं रक्त दिलं त्यालाही आता पुरेसे महिने झाले, आणि आज त्या संदेशाला त्याचं उत्तर आलं आहे. त्याला कोणी कळवलं नसावं. "नलूताई, बरी झाली ना? येतो मी. कुठं येऊ सांग."

भंडाऱ्यात एक बाई भरती आहे, गट तोच. मी दवाखान्याचा पत्ता लिहिला आणि एंटर दाबण्याआधी पूर्ण ओळ वाचली. खालचं नाव तिचंच होतं. तसंच पाठवलं.