काका ऐकू आले

आमच्या काकांनी निम्मं आयुष्य ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवली, पण घरातल्या एकालाही ती कधी ऐकू आली नाही. वाजवताना पाहिलं मात्र सगळ्यांनी होतं. पुढे झगमगत्या साडीतली गायिका, तिच्या बाजूला ट्रंपेटवाला, आणि पार मागे, ड्रमच्या कडेला, अर्धे पडद्याआड काका मान खाली घालून उभे. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी काकूला विचारलं होतं की तो नक्की वाजवतो तरी काय. काकूने "गिटारच, पण चारच तारांची" असं सांगून वेळ मारून नेली होती.

दिवसा काका पडद्यांच्या दुकानात नोकरी करायचे. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या, कापड सुचवायचं, दांड्या बसवून द्यायच्या. ती नोकरी अजून चालू आहे. ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. गिटार कपाटावर चढवली आणि संध्याकाळी काकूच्या रोपांना पाणी घालू लागले. काकूची घरामागे छोटी रोपवाटिका आहे. ती रोपं वाढवते आणि गाडीच्या डिकीत ट्रे भरून गिऱ्हाइकांच्या दारात पोचवते.

मग एक दिवस त्यांचा जुना ड्रमवाला मित्र एक पेनड्राइव्ह घेऊन आला. कुठल्याशा सभागृहातल्या ध्वनियंत्रणेच्या माणसाने त्यांचा एक आख्खा कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून ठेवला होता, आणि तो इतक्या वर्षांनी सापडला होता. काका हरखले. दुसऱ्याच दिवशी आजीला, म्हणजे काकूच्या आईला, डोळे तपासायला न्यायचं होतं. आम्ही सगळे गाडीत बसलो आणि काकांनी पेनड्राइव्ह लावला.

गायिका आली. ट्रंपेट आला. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं, तेही स्वच्छ ऐकू आलं. काका म्हणाले, "आता ऐका हं, इथे मी येतो." आम्ही कान टवकारले. बराच वेळ गेला.

"आले का?" आजीने विचारलं.

"येऊन गेलो," काका म्हणाले.

काकूला हसू आवरेना. काकाही हसले, पण त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून ते खिशातल्या टेपशी चाळा करत होते. काहीतरी मोजायला घेण्याआधीची ती त्यांची सवय.

बाजाराच्या टोकाला गाड्यांमध्ये गाण्याची यंत्रं बसवणारा एकजण आहे. गाड्यांतले टेप जाऊन जमाना झाला, तरी त्याला सगळे टेपवालाच म्हणतात. त्याने पेनड्राइव्ह ऐकला आणि निदान सांगितलं. दारातले स्पीकर वीतभर. इतके खालचे सूर काढायचे तर त्यांच्यात तेवढा दमच नाही. त्यासाठी सबवूफर हवा, म्हणजे जाड सूर वाजवणारा मोठा स्पीकर, त्याला लाकडाचा खोका हवा, आणि त्याला ताकद पुरवणारा अँप्लिफायर हवा. खोक्याला एक भोक ठेवलं की चौक हादरतो, असंही त्याने उत्साहाने सांगितलं.

"मला चौक हादरवायचा नाहीये," काका म्हणाले. "मला माझा एकेक सूर सुटा ऐकू यायला पाहिजे."

टेपवाल्याने त्यांच्याकडे जरा नव्याने पाहिलं. मग म्हणाला, तर बंद खोका करा. आवाज थोडा कमी मिळेल, पण सूर घोळणार नाही, जिथे थांबायचा तिथे थांबेल. आतली हवा मात्र पंचवीस लिटर भरली पाहिजे, कमी नको आणि फार जास्तही नको.

काका खुशीत घरी आले आणि फ्रिजच्या पुठ्ठ्याचा चौकोनी खोका बनवून डिकीत ठेवून बघितला. नेमकी तेव्हाच काकू रोपांचा ट्रे घेऊन आली. ट्रे आत जाईना. तिने ट्रे खाली ठेवला, पुठ्ठ्याचा खोका उचलून काकांच्या हातात दिला, ट्रे आत सरकवला आणि निघून गेली. रात्री जेवताना तिने अटी सांगितल्या. ट्रे पूर्वीसारखे सपाट बसले पाहिजेत. आणि कुंड्यांतून पाणी गळतं, तेव्हा यंत्र भिजलं तर तिला बोल लावायचा नाही.

काकांना अटी मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुढचे काही दिवस ते कामावरून आले की डिकीत डोकं घालून बसत. आजी खिडकीतून बघायची आणि म्हणायची, जावईबापूंचं काही हरवलंय का. शेवटी त्यांना जागा सापडली. मागच्या चाकावर पत्र्याचा जो फुगवटा असतो त्याच्या मागे एक वाकडातिकडा कोनाडा होता. तिथे आजवर फक्त पुसायची फडकी राहत होती.

काकूचा धाकटा भाऊ सुतार. त्याला बोलावलं. त्याने कोनाडा पाहिला आणि म्हणाला, "भाऊजी, यात एक भिंत सरळ नाही. खोका मी करीन, पण आत किती लिटर मावतात ते मला विचारू नका." दोघांनी कोनाड्याच्या आकाराचा पुठ्ठ्याचा साचा केला. मग लांबी, रुंदी, तिरपी बाजू, असं कागदावर गणित मांडत बसले. काकांचं उत्तर एक आलं, मेहुण्याचं दुसरं. दोघांनी पुन्हा केलं, तर तिसरंच आलं.

काकू रोपांना माती भरत होती. तिने थोडा वेळ ऐकून घेतलं, मग कोकोपीटचं, म्हणजे नारळाच्या भुशाचं, पोतं ओढत आणलं आणि माप ठाऊक असलेली एक कुंडी घेतली. कुंडी भरायची, काठावर हात फिरवून सपाट करायची आणि साच्यात ओतायची. तिचा हात रोजचाच सरावलेला. साचा काठोकाठ भरेपर्यंत दोघे पुरुष कुंड्या मोजत होते.

"कमी पडतंय," ती म्हणाली. "आणि तुमच्या त्या स्पीकरचा मागचा भाग आत घुसणार ना? तो पण जागा खाणार."

तेही खरंच होतं. मग मागच्या सीटच्या पाठीला लागून साच्याला एक अरुंद पायरी वाढवली, पुन्हा कोकोपीट ओतलं, आणि या खेपेला माप जुळलं. ट्रे ठेवून पाहिले. सपाट बसले. अँप्लिफायर ड्रायव्हरच्या सीटखाली, जिथे पाण्याचा थेंब पोचणार नाही तिथे बसवायचं ठरलं. काकूने मान डोलावली आणि तेव्हापासून ती त्या खोक्याला "आपला खोका" म्हणायला लागली.

मेहुण्याने जाड प्लायवूडचे तुकडे कापले, प्रत्येक सांध्याला गोंद भरून स्क्रू मारले, आतून फटी बुजवल्या. हवा निसटायला नको म्हणून त्याने खोक्यात दिवा लावून ठेवला, खोलीचे पडदे ओढले आणि कुठून उजेड फुटतो ते पाहिलं. एका कोपऱ्यातून फुटला, तोही बुजवला. काकांनी दुकानातून करडं जाड कापड आणलं आणि खोका असा मढवला की एक सुरकुती दिसेना. खालच्या बाजूला ते झालर लावायच्या विचारात होते, पण मेहुण्याने हात जोडले.

टेपवाल्याने बॅटरीपासून जाड वायर ओढली आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवला. वायर कुठे घासली तर फ्यूज जाईल, गाडी वाचेल, हे त्याने काकूला मुद्दाम समजावलं. अर्थिंगच्या वायरसाठी त्याने पत्र्यावरचा रंग लखलखीत होईपर्यंत खरवडला. काकांनी तेवढा वेळ तोंड फिरवून घेतलं. गाडीवर त्यांचा जीव आहे.

सुट्टीच्या दिवशी सकाळी टेपवाल्यासकट आम्ही सगळे गाडीपाशी जमलो. काकांनी गाणं लावलं आणि गाडीने दात वाजवायला सुरुवात केली. नंबरप्लेट थडथडत होती. सीटबेल्टचा खटका खडखडत होता. आजीच्या चष्म्याची डबी आपोआप चालायला लागली होती. मग शोधमोहीम निघाली. एकजण छत दाबून धरतोय, एकजण दार, मेहुणा डिकीत आडवा. टेपवाल्याने नंबरप्लेटमागे फोमची पट्टी चिकटवली, खटक्याला पट्टी गुंडाळली. तरी एक बारीक किणकिण राहिलीच. ती काही केल्या सापडेना. शेवटी आजी म्हणाली की ती तिच्या पायाशी आहे. दाराच्या कप्प्यात काकूची खुरपी होती.

खुरपी बाहेर काढली, दारं लावली, काकांनी गाणं पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी ते काही बोलले नाहीत.

आवाज कानांत यायच्या आधी पाठीतून आला. मोठा नव्हता. गायिकेच्या पायाखाली कुणी एकेक फळी टाकत जावं आणि तिने नेमकं त्या फळीवर पाऊल ठेवावं, तसं ते वाजत होतं. ट्रंपेट तोच होता, गायिका तीच होती, पण गाणं आता जमिनीवर उभं होतं. आजीने काकांच्या खांद्याला हात लावून विचारलं, "हे तुम्ही?"

काकांनी मान डोलावली.

एक गाणं झालं, दुसरं सुरू झालं. काकू डोळे मिटून बसली होती. मध्येच तिने डोळे उघडले.

"अहो, इथे काही चुकलं का तुमचं?"

काकांनी गाणं थांबवलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. गायिका अजून पहिल्याच कडव्यात होती आणि काका एकटेच पुढच्या कडव्यात पोचले होते. दोन-तीन सूर तिथे भटकून गुपचूप परत आले होते. काका आधी कानकोंडे झाले, मग हसत सुटले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. इतकी वर्षं ते चुकत होते, कधी झोपेने, कधी कंटाळ्याने, पण ना गायिकेने धरलं, ना ड्रमवाल्याने. चूक काढायला आधी कुणीतरी ऐकावं लागतं ना, असं ते मला नंतर म्हणाले. ती गोष्ट त्यांनी दुकानात सांगितली, मित्राला फोन करून सांगितली, आणि प्रत्येक वेळी बायकोचं कौतुक सांगावं तशी सांगितली.

आता काकू रोपं पोचवायला जाते तेव्हा पेनड्राइव्ह चालूच असतो. परवा एका गिऱ्हाइकाच्या फाटकाशी पोचली तेव्हा गाणं संपायचं होतं, म्हणून ती गाडीतच बसून राहिली. थोड्या वेळाने घरातल्या बाई बाहेर आल्या, काच वाजवली आणि काळजीने म्हणाल्या की मागे काहीतरी धडधडतंय, गाडी एकदा दाखवून घ्या.

"काही बिघाड नाही हो," काकू म्हणाली. "आमचे हे आहेत ते."