पोरीचा जुना नंबर

ताईकडे तीन फोन होते आणि तिन्ही दुसऱ्यांच्या कामासाठी वाजत. पहिला तिचा स्वतःचा, म्हणजे त्याचं बिल तिच्या नावावर यायचं इतपत स्वतःचा. दुसरा कार्यक्रमांच्या बुकिंगचा. आणि तिसरा पोरीचा जुना नंबर. पोरगी म्हणजे गायिका. आपली गाणी आपणच लिहून गाणारी, कुठल्याही कंपनीच्या दावणीला न बांधलेली. ताई तिची मॅनेजर. मोठ्या कलाकारांकडे तारखा बघायला एक माणूस असतो, गाड्या बघायला दुसरा, रुसवेफुगवे काढायला तिसरा. इथे ही सगळी माणसं मिळून ताई एकटी होती.

ऑफिस म्हणजे तिच्या एका खोलीच्या घरातलं जेवणाचं टेबल. त्यावर जेवण सोडून सगळं असायचं: वायरींची भेंडोळी, पोस्टरचे गठ्ठे, मायक्रोफोनचा एक लंगडा स्टँड, ड्रमवाला विसरून गेलेला स्वेटर. जेवण ती ओट्यापाशी उभ्याउभ्या उरकायची, तेही एका कानाला फोन लावून. हॉलवाला सांगत असे की गाडी मागच्या दाराने आणायची नाही. ड्रायव्हर सांगत असे की पुढच्या दाराने गाडी शिरतच नाही. आणि दोघांनाही "तुमचं अगदी बरोबर आहे" असं सांगून ती गाडी तिसरीकडून आत घ्यायची. गिटारवाल्याला प्रवासात खिडकी लागायची. ड्रमवाल्यालाही लागायची. दर प्रवासाआधी ती एकेकाला बाजूला घेऊन सांगे, "ही खिडकी मी खास तुझ्यासाठी ठेवलीय हं, त्याला बोलू नकोस." हे दोघे बारा-बारा तासांचा प्रवास एकमेकांवर मनातल्या मनात मात केल्याच्या आनंदात करत, आणि ताई इंजिनशेजारच्या गरम सीटवर बसून पुढच्या गावच्या लाइटवाल्याच्या विनवण्या करत असे.

तिचं लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं. नवरा म्हणायचा, तू घरात असतेस तेव्हाही पाहुणी आल्यासारखी वाटतेस. त्याचं अगदीच खोटं नव्हतं. एक भाऊ होता दुसऱ्या शहरात. त्याचा फोन आला की ताई आधीच विचारायची, "किती पास हवेत?" तोही बिचारा लाजून म्हणायचा, "चार मिळाले तर बरं." आपल्याला आता कामाशिवाय कुणी हाक मारत नाही, हे ताईच्या लक्षातही आलं नव्हतं. ते लक्षात आलं या तिसऱ्या फोनमुळे.

हा नंबर सुरुवातीच्या काळात पोस्टरवर छापला जायचा. पुढे पोरीचं बरं नाव झालं, तेव्हा तिने नवा नंबर घेतला आणि जुना फोन ताईच्या हातात ठेवला. "लोकांना उत्तरं देत जा," ती म्हणाली. "आणि घरून काही आलं तर मला सांगायचं नाही." ताईने कारण विचारलं नाही, तिला ते ठाऊक होतं. पोरीची आई गेली तेव्हा पोरगी दौऱ्यावर होती आणि वेळेवर पोचली नव्हती. बाप रागाच्या भरात म्हणाला होता, तुझं गाणं तुला लखलाभ, या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस. पोरगीही त्याचीच मुलगी. तिने टाकलं नाही.

त्या नंबरवर रोज ढीगभर लोकांचे मेसेज यायचे. ताईने एक वाक्य ठरवून ठेवलं होतं: "आपल्या प्रेमाबद्दल मनापासून आभार. असाच लोभ असू द्या." एकदा असाच कुणाचा तरी मेसेज आला, "काल टीव्हीवर पाहिलं. छान गायलीस." ताईने ठरलेलं वाक्य चिकटवलं आणि पुढे गेली. लगेच उत्तर आलं.

"लोभ कधी नव्हता गं? जेवलीस का? बाबा."

ताईने मेसेज पुन्हा वाचला. मुलीच्या बापाला तिने चाहत्यांच्या रांगेत उभं करून आभार मानले होते, आणि त्या माणसाला त्यात मुलीचा समेट दिसला होता. पोरीला सांगावं, तर सांगायचं नाही असा हुकूम. न सांगावं, तर म्हातारा तिकडे फोन हातात घेऊन बसलेला. ताई ओट्यापाशी गेली. ती जेवली नव्हती. खोटं बोलणं तिच्या धंद्याचा भागच होता, पण त्या घडीला तिला ते जमेना. तिने दोन अंडी फोडली, ब्रेड भाजला, खुर्चीत बसून खाल्लं आणि मग लिहिलं, "हो बाबा, जेवले."

एकदाच उत्तर द्यायचं आणि थांबायचं, असं तिने ठरवलं होतं. असं आपण सगळेच ठरवतो.

बाबा रोज लिहू लागले. मधेच त्यांनी फोन केला, तेव्हा ताईचा जीव टांगणीला लागला. तिने तो वाजू दिला आणि लिहिलं, "घशाला आराम सांगितलाय. गाणं सोडून बोलायची बंदी आहे. लिहाल ना?" गायिकेच्या बापाला यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. उलट तेव्हापासून ते घशाच्या मागे लागले. कोमट पाणी पी. वाऱ्यात बसू नकोस. रात्री गळ्याला काहीतरी गुंडाळ. आणि ताई, जिचा गळा ड्रायव्हरवर ओरडण्यापलीकडे कशाला वापरला गेला नव्हता, ती कोमट पाणी पिऊ लागली. गाडीत मफलर गुंडाळून बसू लागली. ड्रमवाल्याने चिडवलं, "ताई, आता तुम्ही गाणार की काय?" ती म्हणाली, "तू ताल सांभाळ आधी." पण तिला मनातून फार बरं वाटलं.

बाबांनी सिगारेट सोडली, ते सगळ्यांत आधी तिला कळलं. शेजारणीची मांजर त्यांच्या गादीवर व्याली, त्याचे फोटो आले. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ताईने दिवसातून चारदा आठवण करून दिली, "औषध घातलंत का?" ते लिहायचे, "घातलं गं माझे आई." हॉलच्या अंधारात, वायरींच्या पेटीवर बसून, समोर पोरगी शेकडो लोकांपुढे गात असताना, ताई ते वाचून हसायची. आपण हे चोरून घेतोय हे तिला कळत होतं. कळूनही तिने ते सोडलं नाही, कारण दिवसभरात तेवढंच एक तिच्या वाट्याचं होतं, आणि तेही तिचं नव्हतं.

दोन वर्षं अशी गेली. मग ताई आणि पोरगी राहत त्याच शहरातल्या मोठ्या हॉलची तारीख मिळाली. एवढा मोठा हॉल पहिल्यांदाच. ताईच्या पायाला भिंगरी लागली. त्या धांदलीत तिने कार्यक्रमाचं आमंत्रण सवयीने जुन्या फोनमधल्या सगळ्या नंबरांना एका झटक्यात पाठवलं. "आपण आवर्जून यावं, ही आग्रहाची विनंती." संध्याकाळी बाबांचा मेसेज आला.

"डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलंय. तू एवढ्या आग्रहाने बोलावलंस तर येतोच."

आता मात्र मूग गिळून बसायची सोय राहिली नाही. पोरीला कळलं तर ती हाकलून देईल, म्हणजे काम जाईल. बाबांना कळलं तर बाबा जातील. यातल्या दुसऱ्याची भीती आपल्याला जास्त वाटतेय, हे पाहून ताईला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तालमीला जाताना, गाडीत दोघीच असताना, तिने सगळं सांगून टाकलं.

पोरगी खिडकीकडे वळली. तिकडेच बघत म्हणाली, "काय लिहायचीस त्यांना?"

"तू लिहिलं असतंस तेच."

"मी काहीच लिहिलं नसतं, ताई."

सिग्नल सुटला. गाडी दोन चौक पुढे गेली. मग पोरगी म्हणाली, "येऊ दे त्यांना. पण मला त्यांच्याजवळ एकटीला सोडू नकोस. मला त्यांचं काही माहीतच नाही."

आयोजकांची, पाहुण्यांची माहिती ताई जशी पोरीच्या कानात घालायची, तशीच तिने बाबांची घातली. डोळा उजवा. साखर बंद. मांजरीला तीन पिल्लं, त्यातलं एक ठेवून घेतलंय. सिगारेटचं विचारू नकोस, सुटली म्हणून कौतुक कर. पोरगी शाळकरी मुलीसारखी मान हलवत होती.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी, साउंड चेक चालू असताना बाबा आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी, डोळ्यांवर काळा चष्मा. ताईने फोटोतही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते फोटो मांजरीचेच पाठवायचे. तरी शंभर माणसांत ओळखलं असतं. ती त्यांना मेकअपच्या खोलीत घेऊन गेली आणि पोरीच्या एक पाऊल मागे उभी राहिली.

बाप-लेक समोरासमोर नुसतेच उभे. ताई सवयीने पुढे वाकली आणि पुटपुटली, "डोळा."

"डोळा कसा आहे, बाबा?" पोरीने विचारलं.

"बरा झाला. बरा होईल नाहीतर काय! दिवसातून चारदा तुझा दम असायचा." "मी काय बोललो होतो तुला, पोरी, आणि तू मात्र रोज..."

मग पुढचं कुणाला कुणी सांगावं लागलं नाही. पोरगी त्यांच्या गळ्यात पडली आणि हमसून हमसून रडली, आणि ते रडणं खरं होतं. ताई भिंतीला चिकटून उभी होती. बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले, इकडे तिकडे पाहिलं आणि आपला फोन तिच्यापुढे धरला.

"ओ ताई, आमचा एक फोटो काढता का?"

ताईने फोन घेतला. दोघांना जरा उजेडाकडे सरकवलं, बाबांची कॉलर नीट करायला सांगितली आणि फोटो काढला.

"नीट आलाय ना? मला अजून बारीकसारीक दिसत नाही."

"छान आलाय, बाबा," ती म्हणून गेली. म्हाताऱ्या माणसाला कुणीही बाबा म्हणतं, त्यामुळे त्यांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि पिशवी तिच्या हातात दिली, "ही जरा कुठे ठेवता येईल का?"

पिशवी खुर्चीवर ठेवून ताई पोरीजवळ गेली आणि तिच्या कानात म्हणाली, "नवा नंबर दे त्यांना."

पोरीने तिच्याकडे पाहिलं.

"दे," ताई म्हणाली.

कार्यक्रम जोरात झाला. बाबा पहिल्या रांगेत बसले होते आणि प्रत्येक गाण्याला सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होते. ताई त्या वेळी मागच्या दारापाशी, ट्रक लवकर आला म्हणून ड्रायव्हरशी हुज्जत घालत होती.

दुसऱ्या दिवसापासून जुन्या नंबरवर फक्त चाहते उरले. ताई उत्तरं देत राहिली, लोभ असू द्या, लोभ असू द्या. आपणच केलं हे, आणि बरोबर केलं, हे ती स्वतःला बजावत होती. पण सकाळी हात आधी त्याच फोनकडे जायचा आणि तिला स्वतःचाच राग यायचा. एकदा तर भावाला तिने कारण नसताना फोन केला. तो घाबरून म्हणाला, "काय झालं? सगळं ठीक ना?" ती म्हणाली, "काही नाही, पास हवेत का विचारायला."

महिन्याभराने नव्या गाण्याचं रेकॉर्डिंग लागलं. मधल्या सुट्टीत पोरगी स्टुडिओच्या सोफ्यावर धपकन बसली.

"ताई, बाबा सकाळ-संध्याकाळ लिहितात गं. मांजरीचे फोटो काय, घशाचं काय. वाईट वाटतं, पण माझ्याच्याने होत नाही. तुला छान जमायचं." तिने आपला फोन पुढे केला. "मी त्यांना सांगते, जुन्याच नंबरवर लिहा. तू देत जा उत्तरं, आधीसारखी."

पडद्यावर न वाचलेले मेसेज एकाखाली एक होते. सर्वांत वरच्यात पिल्लू खिडकीत बसलं होतं. ताईचा हात पुढे गेला. नुसतं हो म्हणायचं होतं. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. पोरीची कटकट मिटत होती, बाबा खूश राहणार होते, आणि उद्या सकाळपासून... इतक्या वर्षांत पोरीने सांगितलेल्या कामाला तिने एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

"नाही," ताई म्हणाली.

"का?"

"ते मला लिहीत नाहीत."

पोरगी गोंधळली. "मग मी काय लिहू?"

काय लिहायचं, ते ताईला शब्दन् शब्द ठाऊक होतं. पिल्लाचं नाव काय ठेवलं, इथपासून सुरुवात केली की बाबा कसे खुलतात, तेही ठाऊक होतं. तिने सांगितलं नाही. "सुचेल ते लिही," म्हणाली आणि बाहेरच्या बोळात जाऊन उभी राहिली.

काचेतून तिला पोरगी दिसत होती. फोनवर काहीतरी लिहीत होती, पुसत होती, ओठ चावत पुन्हा लिहीत होती. मग थांबली, पडद्याकडे बघून खुदकन हसली. ताईला आजवर तिच्या गळ्याचा, नावाचा, टाळ्यांचा कधी हेवा वाटला नव्हता. तो आत्ता वाटला, इतका की बघवेना. तिने काचेकडे पाठ फिरवली आणि केव्हाचा वाजत असलेला बुकिंगचा फोन उचलला.