वांगी रंगाचा गोल

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. माझ्या पोटात काही राहत नाही असे सगळी कॉलनी म्हणते — पण हे राहिले आहे, तीन वर्षे राहिले आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ धीर होतोय. तरी बघा, अजून सुरुवात करवत नाही.

आधी दुकानाबद्दल सांगते. ते सोपे आहे.

पाथर्डी फाट्याजवळ आमचे घर आहे. खालच्या खोलीत दोन मास्टर कुरते शिवतात, वर गच्चीवर फोटो निघतात, आणि विक्री सगळी ऑनलाइन. दुकानाला शटर नाही, काउंटर नाही. गिऱ्हाईक कापडाला हात लावू शकत नाही, उजेडात धरून बघू शकत नाही, त्यामुळे सगळा खेळ फोटोंचा. त्यातही एकच कुरता सहा रंगांत असला की खरी परीक्षा. मुलगी तीच हवी, उभी राहण्याची ढब तीच, उजेड तोच — बदलायचा तो फक्त रंग. फोटोखाली रंगांचे बारीक गोल असतात. गोल दाबला की त्या रंगातला कुरता समोर येतो. आणि बहुतेक बायका पहिल्याच गोलावर ठरवतात, घ्यायचे की पुढे सरकायचे. शेवटच्या गोलापर्यंत कोण जातेय?

हे सगळे मी स्वतः शिकले, चुकत-माकत. मला त्याचा गर्व होता. अजूनही थोडा आहे, खोटे कशाला बोलू?

मनीषा आमच्यापासून दोन घरे सोडून राहते. अंबडला एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर काम करते, सुट्टी फक्त रविवारची. उंच, सडसडीत, खांदे सरळ. कुठलाही कुरता तिच्या अंगावर असा बसतो की मास्टरसुद्धा खूश होतात. रंगाने काळी. बघा, हे मी सगळ्यात शेवटी लिहिले. माझ्या डोक्यात मात्र ते सगळ्यात आधी होते.

पहिल्या डिझाइनचे सहाही रंग तिनेच घातले. मोरपंखी, राणी, हळदी, डाळिंबी, राखाडी आणि वांगी. सकाळचे कोवळे ऊन होते, ती लाजत होती, मग लाजायची थांबली. फोटो सुंदर आले. सुंदर हा शब्द मी विचार करून लिहितेय. ते फोटो मी दुकानात चढवले, मोबाइल जरा लांब धरून पाहिले, आणि मनात आले — हे कोण घेणार?

मला कुणी काही म्हटले नव्हते. गिऱ्हाईक बोलले म्हणावे, तर एकाही गिऱ्हाइकाने अजून ते पान उघडलेच नव्हते. नवऱ्याला तर कुरत्यातले काही कळत नाही. ते माझेच होते, आतले, कधीपासूनचे कोण जाणे.

माझी मुलगी सायली गोरी आहे. तिला फोटोंचा कंटाळा. कशीबशी मनवून एकच फोटो काढला, मोरपंखी कुरत्यात. त्याच फोटोतला कुरता मी कॉम्प्युटरवर राणी केला, हळदी केला, डाळिंबी केला, राखाडी केला. पाच गोलांवर सायली. मनीषाचे पाच फोटो मी काढून टाकले. सगळेच काढले असते — पण तिला काय सांगणार होते? तिच्या आईने गल्लीभर सांगितले होते, कंपनीत तिच्या मैत्रिणी वाट बघत होत्या. म्हणून सहाव्या गोलावर, वांगी रंगावर, तिला ठेवले.

आणि त्या गोलावर 'सोल्ड आउट' अशी पट्टी टाकून दिली. वांगी रंगाचा तो एकच कुरता शिवला होता, आणि फोटोतला कुरता तिला द्यायचा असे आमचे ठरले होते. म्हणजे विकायला वांगी रंग नव्हताच. कापड आणता आले असते. आणले नाही.

तिला म्हटले, "हा रंग तुझ्यावरच खुलतो गं, म्हणून तो तुझा." खूश झाली. तिला वाईट का वाटले नाही, एवढा विश्वास माणूस कसा ठेवतो, हे मला आजही कळत नाही.

मग हे प्रत्येक डिझाइनला होऊ लागले. तिला बोलवायची, कारण मला ती हवी होती. बाहीची उंची, कमरेतला घेर, खालची पट्टी, सगळे मास्टर तिच्या अंगावर बघून सुधारायचे. ती दोन-दोन तास उभी राहायची. कपडा बसवायला ती, आणि विकायला सायली. शेवटच्या गोलावर पुन्हा मनीषा, आणि तिच्यावर पट्टी. पिंपळगावला तिची मावशी द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला आहे. मनीषा तिला लिंक पाठवायची आणि फोनवर समजावायची — "मावशे, पहिलं ते नाही. एकदम कडेचा गोल दाब. मी तिथंय."

एकदा मला म्हणाली, "काकू, माझाच रंग सगळ्यात आधी संपतो ना?"

मी काय म्हणाले असेन? "हो ना," म्हणाले. तेही हसत. वर म्हणाले, "तुझा पायगुण!"

एवढेच असते तर कदाचित मी तुमच्यापर्यंत आले नसते. मनाशी म्हटले असते, जाऊ दे, पोरीचे मन राखले. पण याच्या पुढचे आहे.

कॉलेज रोडला कपड्यांचे एक मोठे दुकान आहे. त्यांनी आपली साइट काढायची ठरवली, फोटोंसाठी मुलगी शोधत होते — कायमची, पगारावर. मनीषाने कंपनीतून रजा काढली आणि जाऊन भेटून आली. अनुभव विचारला तर माझे नाव सांगितले. त्या लाइनवर उभे राहून तिच्या पायांना सूज यायची, हे मला माहीत होते. ही नोकरी मिळाली तर तिचे सगळेच बदलणार, हेही माहीत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाच्या मालकीणबाईंचा मला फोन आला. छान बोलल्या. म्हणाल्या, मुलगी आवडलीय, पण आमच्या घरात दोन मते आहेत. तुमच्याकडे तिच्या फोटोंवर माल कसा जातो, तेवढे सांगा.

मी म्हटले, "खरं सांगू का? तिच्या फोटोवर आमचा एकही पीस गेलेला नाही."

शब्दाला शब्द खरे होते. पट्टी मीच टाकलेली, मग जाणार कसा? पण बाईंना काय माहीत. त्या म्हणाल्या, "बरं झालं विचारलं." फोन ठेवला. मी खाली जाऊन मास्टरना चहा दिला.

तुम्ही म्हणाल, तुला खरेच तसे वाटत असेल. खपत नाही असे मनापासून वाटत असेल, तर तो अडाणीपणा झाला, दुष्टपणा नव्हे. मीही बराच काळ स्वतःला हेच सांगत होते. पण एक गोष्ट मी आत्तापर्यंत गाळली — लिहिताना दोनदा तिथपर्यंत आले आणि पुढे गेले.

त्या फोनच्या महिनाभर आधी साइटवर नवीन माल भरताना माझ्या हातून चूक झाली. सगळ्या पट्ट्या उडाल्या. वांगी रंग अर्धा दिवस खुला राहिला. संध्याकाळी पाहते तर त्याच रंगाच्या चार ऑर्डरी. एक सटाण्याच्या बाईची होती, तिने खाली लिहिले होते — "माझा रंग या ताईंसारखाच आहे. कुठलाही रंग मला कसा दिसेल ते कधी कळायचं नाही, म्हणून ऑनलाइन कपडे घेत नव्हते. आज पहिल्यांदा घेतेय."

मी ते वाचले. चारही ऑर्डरी रद्द केल्या, "क्षमस्व, माल संपला" असे कळवले, आणि पट्टी परत टाकली.

म्हणजे मला माहीत होते. तिच्या फोटोवर माल जातो, हे मालकीणबाई विचारत होत्या तेव्हा मला पक्के माहीत होते. मग का बोलले तसे? खरे बोलले असते तर त्यांनी माझे पान उघडून पाहिले असते, आणि या धंद्यातल्या बाईला प्रत्येक डिझाइनला तिच्याच गोलावर ती पट्टी बघून सगळे उमगले असते — ही भीती होती. मास्टरना कपडा बसवून बघायला दुसरी कोण मिळणार, हा हिशोबही होता. पण या दोन्हींच्या खाली आणखी एक होते. ती कुणाच्या तरी दुकानात पहिल्या गोलावर उभी राहणार, हे मला सहन झाले नाही. मी तिला शेवटी ठेवली होती. ती तिथेच असायला हवी, असे मला वाटले. मला स्वतःची किळस येते, पण वाटले ते असे वाटले.

शनिवारी संध्याकाळी मनीषा आली. कंपनीतून तशीच आली होती, डबा हातात. मी दारातच उभी राहिले, आत ये म्हणायचेही सुचले नाही.

"काकू, तिथं नाही जमलं. त्यांना दुसरी कुणीतरी भेटली." मग माझा चेहरा बघून तिला काय वाटले कोण जाणे, तिने माझ्या दंडावर हात ठेवला. "तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? तुमचं नाव होतं म्हणून निदान आत तरी घेतलं मला. लय चांगलं बोलल्या त्या."

मी मान हलवली.

"उद्या किती वाजता येऊ?" तिने विचारले.

आत्ता सांगावे असे त्या क्षणी एकदाही मनात आले नाही. आले असते आणि धीर झाला नसता, तरी ते काहीतरी होते. माझ्या मनात आले ते एवढेच, की ही फोटोंना येतेय, सुटले.

मी म्हटले, "नऊला ये."

आणि ती आली.