मामांची काचेची चिलीम

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून चिलीम ओढणारी माणसं पुष्कळ होऊन गेली असतील, पण चिलीम धुणारा माणूस एकच झाला आणि तो माझ्या बायकोचा मामा निघाला. ओढणं हे मामांच्या लेखी धुण्याआधी उरकून टाकायचं एक किरकोळ काम होतं. बिडीला त्यांनी उभ्या जन्मात हात लावला नाही, कारण बिडी धुता येत नाही. "जे धुता येत न्हाई ते तोंडात घालायचं न्हाई," हा त्यांचा नियम. फौजेतून हवालदार होऊन ते माणमधल्या आपल्या गावी परतले, कोरडवाहू रान आणि वीसेक मेंढरं सांभाळू लागले, पण फौजेतली रोजची तपासणी काही त्यांच्या अंगातून गेली नाही. फरक एवढाच, की तिकडे साहेब यांची पेटी उघडून बघायचा आणि इकडे हे गावातल्या प्रत्येकाची नखं बघू लागले. सगळं गाव त्यांना मामाच म्हणतं. पण ते समोरून येताना दिसले की निम्मं गाव हात खिशात घालतं.

बरीच वर्षं त्यांनी मातीची चिलीम ओढली, पण मनाला टोचणी होतीच. मातीच्या चिलमीच्या पोटात काय साठलंय ते दिसत नाही. मी आष्ट्याला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. आमच्या लग्नानंतर मामा पहिल्यांदा राहायला आले, तेव्हा मी कौतुकानं त्यांना प्रयोगशाळा दाखवायला नेलं. मुलं परीक्षानळ्या दिव्यावर धरून काहीबाही तापवत होती. मामा एका नळीपुढे जे उभे राहिले ते तास संपला तरी हलेनात. विस्तवावर धरूनही न तडकणारी आणि वर आरपार दिसणारी वस्तू जगात आहे, हे त्यांना साठीच्या घरात कळत होतं. "जावईबापू, हिची चिलीम हुईल का वं?" त्यांनी विचारलं. न व्हायला काय झालं, असं मी बेसावधपणे बोलून गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीच्या एसटीत त्यांच्याशेजारी बसलो.

सांगलीत कॉलेजांसाठी काचेच्या नळ्या फुंकून देणारा एक म्हातारा कारागीर माझ्या ओळखीचा होता. चिलमीचं नाव काढल्यावर तो आधी हसला, मग हौसेनं कामाला लागला आणि पुढचे चार तास पस्तावला. आमच्या माणदेशी मामांनी चिलीम पारखली ती मेंढा पारखावा तशी. उन्हात धरायची, पाण्यात बुडवून बघायची, नखानं टिचकी मारून कानाशी न्यायची. पहिलीत मोहरीएवढा बुडबुडा निघाला. दुसरीचं तोंड वाकडं होतं. तिसरीचा आवाज बद्द होता. चौथीत काहीच दोष सापडेना, म्हणून मामांना तिचा भलताच संशय आला. सातव्या चिलमीला कारागिरानं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "आवं, चिलीम घेताय का सून बघताय?" मामा गंभीरपणे म्हणाले, "सून पोरानं बघितली. ही मला बघायची हाय." शेवटी अकरावी पसंत पडली. चार बोटांहून जराशी लांब, बुडाशी जाड, तोंडाशी निमुळती, आणि अशी निर्मळ की हातात घेतली तर आपल्याच तळहाताच्या रेषा वाचता याव्यात.

मग सुरू झाली तिची बडदास्त. ओढून झाली की आधी ती निवू द्यायची. गरम काचेवर पाणी ओतणं म्हणजे रागावलेल्या बायकोला उपदेश करणं, दोन्हीत काहीतरी तडकतं, असं ते स्वानुभवानं सांगत. मग कोमट पाणी, खडेमीठ आणि मूठभर तांदळाची कणी आत घालून खळाखळा हलवायचं. मग लिंबू. मग कोंबडीचं पीस आतून फिरवायचं, त्यापायी घरच्या कोंबड्या मामांना बघून आडोसा धरत. शेवटी मलमलीत गुंडाळून चष्म्याच्या डबीत ठेवायची. डबीत चिलीम गेल्यामुळे चष्मा खिशात उघडाच फिरे, किल्ल्यांनी त्यावर चरे पडत, आणि त्या चष्म्यातून पाहिलं की धुतलेली चिलीमही धुरकट दिसे. मग मामा ती परत धुवायला घेत. चिलीम चारचौघांत फिरवण्याची रीत आहे, पण मामा हाती देण्याआधी समोरच्याला दोन्ही हात पुढे करायला लावत आणि उलटेपालटे करून बघत. पंधरा दिवसांत पारावरचे सगळे सोबती बिडीवर गेले. मामींनी तर सवतीशी जुळवून घ्यावं तसं त्या डबीशी जुळवून घेतलं होतं.

आणि मग मामांना नात झाली. मुलगा मुंबईला नोकरीला, सून माहेरी आष्ट्यालाच बाळंतपणाला आलेली. पोर दिवस भरायच्या आत जन्मली आणि तिला सांगलीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. मामा धावत आले. बाहेरच्या खिडकीतून त्यांनी तिला पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग नर्सला हाक मारून सांगितलं की पेटीवर डाव्या अंगाला बोटाचा ठसा हाय. नर्सनं तो पुसला. मी हसून मामांकडे वळलो, तर त्यांचे डोळे भरलेले होते आणि मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, पोरीची छाती नाजूक आहे, धूर सोडाच, धुराचा वास अंगाला असलेल्या माणसानंही तिला घ्यायचं नाही. मामांनी तिथल्या तिथे चिलीम सोडल्याचं जाहीर केलं. कोणी मान वर करूनही पाहिलं नाही. मामांनी श्रावणात सोडलेली चिलीम गौरीगणपतीत धरलेली आणि नवरात्रात सोडलेली दसऱ्याला धरलेली सगळ्यांनी पाहिली होती. मामांनी खिशातून डबी काढली, मलमल उलगडली आणि चिलीम पुढे केली, "बघा की, आरपार हाय." मामी शांतपणे म्हणाल्या, "ती कवा घाण हुती? वढल्यावर बी ती आशीच असती."

मामांनी आपल्याच हातानं आपला पुरावा बुडवला होता. इतकी वर्षं घासूनपुसून त्यांनी जी काच चकचकीत ठेवली, तिनं त्यांच्या बाजूनं एक शब्द बोलायचं नाकारलं. सून गुणाची. ती खाली बघत, पण एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, "मामा, चार महिन्यांनी मी बाळाला घेऊन गावाकडं येईन. तुमी सोडलीय हे मला दिसलं पायजे. रागवू नका, पण नुसत्या शब्दावर मी तिला तुमच्या हातात न्हाई देणार." मामांनी चिलीम मलमलीत गुंडाळून डबीत घातली. त्या दिवशी परत जाताना मी त्यांना एसटीत बसवून दिलं, तेव्हा त्यांनी एकदाही माझी नखं पाहिली नाहीत, त्यावरून त्यांना किती लागलं होतं ते मी ओळखलं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाजात मोहीम जिंकल्याचा थाट होता. त्यांनी शेवटची चिलीम भरली, मामींसमोर ओढली आणि न धुता, राखेसकट, सोप्यावरच्या कोनाड्यात उघडी ठेवून दिली. आता तिला हात लावायचा नाही. "घाण चिलीम म्या तोंडाला लावत न्हाई, ह्ये साऱ्या गावाला ठावं हाय. ती घाण हाय तवर मी सुटलोय. बघू दे कुणाला बघायचं ते." मी रसायनशास्त्राचा माणूस, पण इतका बिनतोड प्रयोग मला आयुष्यात सुचला नव्हता.

तंबाखूवाचून मामांचं पंधरवड्यात भागू लागलं. धुण्यावाचून भागेना. कोनाड्यातली ती राखाडलेली, पिवळट डाग पडलेली काच बघून त्यांच्या हाताला नुसता कंड सुटे. मग त्यांनी तो घरातल्या बाकीच्या काचांवर काढला. देवांच्या तसबिरी झाल्या, लोणच्याच्या बरण्या झाल्या, खिडक्या झाल्या. घरातल्या संपल्यावर ते शेजाऱ्यांचे चष्मे मागून आणू लागले. शाळेच्या फलकाची काच त्यांनी इतकी पुसली, की गुरुजींना तिथे काच आहे याचा विसर पडून त्यांनी सूचना चिकटवताना बोटं आपटून घेतली. दर रविवारी मला फोनवरून कोनाड्याचा अहवाल येई. राखेवर धूळ बसली. धुळीचा थर झाला. आणि एका रविवारी, पोरगा पास झाल्याचं सांगावं तशा आनंदात, "जावईबापू, कोळ्यानं तोंडावर जाळं इणलं."

त्या जाळ्यावर संकट आलं ते दिवाळीचं. मामी जळमटं काढायला लांब काठीचा झाडू घेऊन सोप्यावर आल्या आणि मामा कोनाड्यापुढे हात पसरून उभे राहिले. उभ्या आयुष्यात स्वच्छतेसाठी भांडलेला माणूस एका जळमटासाठी भांडत होता. "ह्येला हात लावू नगंस. लेकराला घ्यायचंय मला," एवढंच ते म्हणाले. मामींनी झाडू खाली केला. नंतर रंगारी आला तेव्हा त्याला मामींनीच दटावून सांगितलं, तेवढा कोनाडा सोडून रंगव. त्या साली मामांच्या घराची भिंत पांढरीशुभ्र होती आणि मधोमध तो एक मळका चौकोन मानानं बसलेला होता.

दिवाळीनंतर सून आली. आम्ही उभयता सोबत होतोच. मामा धुवट कपड्यात भिंतीला टेकून उभे, दोन्ही तळहात पुढे केलेले, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच तपासणीला उभे राहिल्यासारखे. पोरीला कडेवर घेऊन सून थेट कोनाड्याशी गेली. चिलमीच्या तोंडावरचं जाळं धुळीनं जाड झालं होतं आणि एक तंतूही तुटलेला नव्हता. ती वाकून बघत राहिली. मग ती वळली.

"मामा, हात धुतले?"

"तीनदा," मामा म्हणाले.

तिनं पोर त्यांच्या हातात दिली. मामांनी तिला उजेडाकडे धरून पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, अगदी अकराव्या चिलमीसारखी. फक्त या वेळी त्यांनी दोष शोधला नाही. मग ते पोरीला घेऊन जे बाहेर पडले ते पारावर, चावडीवर, देवळात, गिरणीत, जो भेटेल त्याला दाखवत गाव पालथं घालून आले. आणि पोरीला बोट लावू पाहणाऱ्या प्रत्येकाला आधी हात दाखवावे लागले. संध्याकाळी सून मामींना म्हणाली, आत्या, हिच्या दुधाच्या बाटल्या उद्यापासून मामा धुतील, त्यांच्यासारखं कुणाला जमायचं नाही. मामा त्यावर नुसतेच मिशीत हसले, पण दुसऱ्या दिवशी पहाटेपासून खडेमिठाच्या जागी उकळतं पाणी सुरू झालं आणि काचेची बाटली उगवत्या सूर्याकडे धरून मामा अंगणात उभे राहिले.

ती पोर आता शाळेत जाते, धावते, ओरडते, छातीच्या दुखण्याचं नाव नाही. दूध स्टीलच्या पेल्यातून पिते आणि तेही आजोबांनी मिनतवाऱ्या केल्यावर. गेल्या महिन्यात मी गावी गेलो होतो. कोनाड्यात चिलीम तशीच आहे, कोळ्यांच्या किती पिढ्या झाल्या देव जाणे. मी चहा पीत बसलो होतो. मामांनी फडताळातून ती जुनी दुधाची बाटली काढली, उकळत्या पाण्यातून काढून पुसली, उन्हाकडे धरून फिरवून पाहिली आणि परत जागेवर ठेवायला निघाले.

मी म्हटलं, "मामा, आता ही कुणाला लागतीय?"

त्यांनी बाटलीवरचा एक नसलेला ठसा धोतराच्या सोग्यानं पुसला.

"कुणाला न्हाई," ते म्हणाले. "पर धुतल्याबिगर सकाळ झाल्यागत वाटत न्हाई."