अम्मांसाठी मी वकील गाठला

आता काय सांगू तुम्हाला! चहा गार होऊ देऊ नका, घोट घेत घेत ऐका. माझ्या हातून आयुष्यात गोंधळ पुष्कळ झाले, पण एका भल्या बाईला मदत करता करता तिला देशाबाहेर काढायची वेळ आणली, असा पराक्रम एकच! आणि तो केला कसा? तर कडक इस्त्रीची टोपी घालून, पूर्ण आत्मविश्वासानं.

तेव्हा नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती आणि मी वर्ध्याच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. शेजारी हेमनदास राहायचे. फाळणीत सिंधमधून आलेले, स्टेशनजवळ बिस्किटं-गोळ्यांचं दुकान. त्यांची आई जेठीबाई मात्र थोरल्या मुलासोबत तिकडेच राहिली होती. पुढे तो थोरला नोकरीसाठी सातासमुद्रापार गेला, तिकडचं घर सुटलं, आणि म्हातारी व्हिसा काढून इकडे धाकट्याकडे आली. भेटीला म्हणून.

सारा मोहल्ला त्यांना अम्मा म्हणायचा. मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण भांडण कुणाचंही असो, मधे अम्मा! माझ्या बायकोला पापड लाटताना "ऐसे नहीं, ऐसे!" म्हणून बोटांवर लाटणं मारायच्या, आणि तिला ताप आला तेव्हा उशापासून हलल्या नाहीत. आम्हाला तर वाटायला लागलं होतं, या बाईचा जन्म आमच्याच गल्लीतला.

सरकारला तसं वाटत नव्हतं. व्हिसाची मुदत एकदा वाढवून मिळाली, दुसऱ्यांदा मिळेना. येत्या सोमवारी संपत होती. म्हणजे अम्मांनी गाडीत बसायचं आणि जिथे आपलं म्हणावं असं एक माणूस उरलेलं नाही, तिथे परत जायचं. हेमनदासचं दुकानात लक्ष लागेना. अम्मांचं एकच पालुपद. "मैं नहीं जाती. पुलिस को बोलो, उठाके ले जाए!"

कुणीतरी सांगितलं, नागपूरला बॅरिस्टर आकोटकर आहेत. व्हिसा, परवाने, इथेच राहू द्या म्हणून करायचे अर्ज, यात मुरलेला माणूस. शनिवारी सकाळी घरी भेटतात आणि लगेच अर्ज घेऊन सचिवालयात जातात. शनिवारी कचेरी अर्धा दिवस. गाठ पडली तर त्याच सकाळी, नाहीतर आटोपलं.

"मास्टरजी, आप चलो साथ में," हेमनदास म्हणाले. "बडे लोगों से बात करना मेरे को नहीं आता."

"अहो, मोठ्या माणसांचं काय घेऊन बसलात! वर्ध्यात राहतो मी!"

आता हे वर्ध्याचं प्रकरण तुम्हाला समजावून सांगितलं पाहिजे. तुमच्या गावात मोठा माणूस ओळखायचा तर काय बघता? मोटार, कोट, घड्याळ. आमच्याकडे सगळं उलटं! माणूस जितका मोठा तितका त्याचा पंचा आखूड. आश्रमाच्या वाटेवर खराटा घेऊन झाडणारा माजी मंत्री निघतो, आणि संडास साफ करणारा विलायतेत शिकून आलेला असतो. मी नवा होतो तेव्हा एका सभेला गेलो आणि अंगण झाडणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातात सायकल दिली. "जरा सावलीत लावजो," म्हटलं. त्यानं लावली, वर सीटही पुसून ठेवली. मग सभा सुरू झाली, आणि म्हातारा अध्यक्षांच्या जागेवर!

त्या दिवशी मी कानाला खडा लावला. खराटा दिसला की नमस्कार. कोट दिसला की समजायचं, कारकून.

तर शनिवारी भल्या सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही तिघं निघालो. अम्मांच्या मांडीवर पापडांचा डबा, वकिलासाठी. माझ्या मांडीवर कागदांची पिशवी. सेलू रोड स्टेशन मागे पडेपर्यंत मी हेमनदासना मोठ्या माणसांपुढे कसं वागायचं याचे धडे देत होतो.

बंगल्याच्या फाटकातून आत शिरलो आणि काय दिसलं? गुलाबाच्या वाफ्याजवळ एक वयस्क गृहस्थ. जाडाभरडा आखूड पंचा, उघडे पाय, चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला, आणि हातात खराटा! व्हरांड्यात दुसरा एक तरतरीत मनुष्य. काळा कोट, टाय, चकचकीत बूट, नजर मनगटावरच्या घड्याळाकडे.

तुम्ही कुणाला बॅरिस्टर समजला असता? बरोबर. कारण तुम्ही वर्ध्याचे नाही!

कोटवाले पायऱ्या उतरून पुढे आले. "या. काय काम काढलंत?"

"साहेबांकडे आलोय," मी म्हटलं. "हा डबा जरा आत ठेवा, आणि चहा सांगा. म्हातारी पहाटेपासून उपाशी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, अम्मांकडे पाहिलं. मग मुकाट्यानं डबा घेऊन आत गेले. पाहिलंत? ठणकावून सांगितलं की कारकून ऐकतो!

मी वाफ्याजवळ गेलो, वाकून नमस्कार केला आणि ठेवणीतली मराठी बाहेर काढली. "आपला बहुमोल वेळ घेतो आहोत, क्षमा असावी. आपल्या साधेपणाची कीर्ती ऐकून होतो. आज दर्शन घडलं."

"हाव जी," ते गृहस्थ म्हणाले आणि थोडे मागे सरकले.

"या मातोश्रींचं प्रकरण घेऊन आलो आहोत."

"बसा नं मंग. इथं चिखल हाय, तिकडं लिंबाखाली बसा."

जमिनीवर बसायचं! खुर्ची नाही, टेबल नाही. मी हेमनदासना डोळ्यांनी खुणावलं, याला म्हणतात मोठेपणा.

पण हेमनदास दुकानदार माणूस. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत काय घेणार ते ओळखणारे. माझ्या कानाशी लागले. "मास्टरजी, मेरे को ये माली लगता है."

"गप्प बसा! वर्ध्यात येऊन इतकी वर्षं झाली, अजून माणसं कळत नाहीत तुम्हाला!"

तेवढ्यात चहा आला. कोटवाल्यानं स्वतः आणला, चार कप होते, आणि चहा देऊन तो आत जाण्याऐवजी तिथेच व्हरांड्याच्या पायरीवर बसला. मला त्याचा चोंबडेपणा मुळीच आवडला नाही. पण असू दे, म्हटलं, यालाही दोन शब्द कानावर पडून शहाणपण येईल.

"साहेब," मी सुरू केलं, "आपल्यापाशी काय लपवायचं? अम्मांनी भेटीसाठी येते म्हणून सांगितलं खरं, पण परत जायचं नाही हे त्यांच्या मनात निघतानाच होतं. घर तर सुटलेलंच होतं. चुलीवरची भांडीसुद्धा शेजारणींना वाटून आल्या. तिकडे आजारी पडल्या तर घोटभर पाणी द्यायला कुणी नाही हो!"

"मंग काऊन जाते बुढी? नोको जाऊ मना."

"म्हणजे काम होईल?"

"कायले नाई होत जी?"

"सोमवारच्या आत?"

"हाव."

काय सांगू, छातीवरचं ओझं उतरलं! इतका अनुभवी वकील, पण एक कलम नाही, एक फाटा नाही. सरळ हाव! नाहीतर आमच्याकडचे वकील. बैल कुणाचा एवढं विचारलं तरी "बघावं लागेल" म्हणतात.

"मग कागद बघता का?" मी पिशवी पुढे केली.

"मले वाचता नाई येत जी."

ऐकलंत? विलायतेहून आलेला बॅरिस्टर म्हणतो, मला वाचता येत नाही! माझे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत. मी हेमनदासना म्हटलं, "बघा. विद्येचा एवढासाही ताठा नाही."

"मास्टरजी, मेरे को लगता है, इसको सचमुच..."

"शू!"

आता तो कोटवाला उठला. "माफ करा हं. मला सचिवालयात निघायला हवं. ते कागद जरा..."

माझा पारा चढला. "मग निघा ना! तुम्हाला धरून ठेवलंय कुणी? आमचं साहेबांशी बोलणं चाललंय, मधे तोंड घालू नका. कोट घातला म्हणून कुणी बॅरिस्टर होत नाही!"

तो तोंडावर रुमाल धरून खोकला. तो खोकला नव्हता, हे मला आत्ता कळतं.

इतका वेळ अम्मा चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला, माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली, तरातरा चालत गेल्या आणि कोटवाल्याच्या हातात ठेवली. "पुट, बेटा, ये तू ले. ये मास्टर तो शाम तक माली से बात करेगा."

"अम्मा, अहो, ते कारकून..."

"चुप! ये सीढ़ी उतरा तो माली ने झट बीड़ी बुझा दी. मालिक कौन है, ये पूछना पड़ता है?"

मी वळून पाहिलं. लिंबाखालचे माझे बॅरिस्टर हात जोडून उभे होते. "मी कवाच सांगनार होतो जी," ते म्हणाले, "पन तुमी दमच नाई घेऊन राह्यले!"

त्या गुलाबाच्या वाफ्यातच स्वतःला पुरून घ्यावं असं वाटलं. पण लाजेपेक्षा धसका मोठा होता. कचेरी बंद व्हायला थोडाच अवकाश उरला होता. माझ्या शहाणपणापायी अख्खी सकाळ माळ्याच्या पायाशी गेली, आणि आता सोमवारी अम्मा गाडीत! हेमनदासच्या तोंडाकडे बघवेना.

"साहेब, मला दोन थोबाडीत मारा," मी म्हटलं, "पण यांचं काम करा."

"मारायला वेळ नाही," बॅरिस्टरसाहेब म्हणाले. तिथेच व्हरांड्यात उभ्याउभ्या त्यांनी कागद चाळले आणि अर्ज लिहायला घेतला. "हकीकत सांगू नका, सगळी ऐकली. अशील माझ्याकडे येतं ते काय लपवायचं हे घरून ठरवून येतं, आणि खरं काय ते मला समोरच्या पक्षाकडून कळतं. तुम्ही आमच्या सुदाम माळ्याला भांडी वाटल्याचंसुद्धा सांगून टाकलंत. आता परत न जाण्याबद्दल कुणी विचारलं तर उत्तर तयार आहे माझं."

माझ्या जिवात जीव आला. जीव आला की माणूस लगेच पूर्वपदावर येतो. अर्जावर ओळख देणारा एक स्थानिक गृहस्थ हवा, नातेवाईक चालत नाही, असं साहेबांच्या तोंडून निघताच मी छाती पुढे काढली आणि पेनाचं टोपण उघडलं.

साहेबांनी कागद हळूच मागे ओढला.

"मास्तर, राग मानू नका. इथे लिहिलंय, 'मी सदर बाईस नीट ओळखतो.' उद्या अधिकाऱ्यानं मला विचारलं, हे गृहस्थ माणसं नीट ओळखतात का, तर काय सांगू?"

हेमनदास कित्येक दिवसांनी हसले. इतके हसले की त्यांना लिंबाला धरून उभं राहावं लागलं, आणि खरं सांगतो, ते बघून मलाही बरं वाटलं. ती जागा मोकळी ठेवून अर्ज वेळेत दाखल झाला. सही मागाहून आमच्या हेडमास्तरांनी केली.

अम्मा राहिल्या, हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा चहा घशाखाली उतरायचा नाही. पण त्याआधी एक चौकशी व्हायची होती. अधिकारी गल्लीत येणार असं कळलं तेव्हा बॅरिस्टरसाहेबांचा निरोप आला, सगळ्यांनी खरं ते सांगा. फक्त मास्तरांना बोलू देऊ नका.

झालं! अधिकाऱ्याची सायकल गल्लीच्या तोंडाशी दिसली आणि बायकोनं मला स्वयंपाकघरात ढकललं. "तुमी इथंच बसा. खोकू बी नोका!"

मी दाराला कान लावून बसलो. अधिकारी घरोघर विचारत होता आणि जो तो अम्मांबद्दल भरभरून सांगत होता. शेवटी तो आमच्या ओट्याशी आला. "और इस घर में कौन रहता है, माताजी? उनसे भी पूछ लेते हैं."

"मास्टरजी रहते हैं, साहब," अम्मांचा आवाज आला. "बहुत भले आदमी, मेरे बेटे जैसे." माझा ऊर भरून आला, हात कडीकडे गेला. तेवढ्यात अम्मा घाईघाईनं म्हणाल्या, "पर उनको मत बुलाना! वो मेरी मदद करने बाहर आए, तो मेरे को जाना ही पड़ेगा!"